औषधाला दाद न देणारा न्यूमोनिया : खान्देशातील तालुक्याच्या डॉक्टरांसाठी निदान आणि उपचाराचा क्रम

चोपडा, शिरपूर किंवा शहाद्याच्या बाह्यरुग्ण विभागात पावसाळ्यानंतर असा रुग्ण हमखास येतो, ज्याच्या हातातल्या पिशवीत दहा-बारा दिवसांत घेतलेल्या तीन वेगवेगळ्या प्रतिजैविकांची पाकिटे असतात, खोकला आणि ताप मात्र कायम असतो. नातेवाईक सांगतात की, ‘गोळ्या लागूच पडत नाहीत.’ डॉक्टरांच्या मनातही लगेच प्रतिरोधक, म्हणजे औषधाला न जुमानणाऱ्या, जंतूचा विचार येतो आणि चौथे, अधिक महागडे इंजेक्शन लिहिले जाते. या लेखाचा मुद्दा एवढाच आहे की, औषध लागू न पडणे आणि जंतू प्रतिरोधक असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली आपल्याला समोर दिसते, तर दुसरी सिद्ध करावी लागते. ती सिद्ध करण्याचा क्रम चुकला, तर पुढचा उपचार अंदाजानेच चालतो.

लेख नोंदणीकृत डॉक्टरांसाठी आहे. इतरांनी तो माहितीसाठी अवश्य वाचावा, परंतु त्यातील मात्रा पाहून मेडिकलवरून स्वतःहून औषध घेऊ नये.

आधी ठरवावे : हा जिवाणूंचा संसर्ग आहे का?

सर्दीनंतर सुरू झालेला, छातीत घरघर नसलेला, श्वासाची गती न वाढवणारा खोकला बहुधा विषाणूजन्य असतो आणि तो तीन आठवड्यांपर्यंत रेंगाळू शकतो. बेडका पिवळा किंवा हिरवा झाला म्हणजे जिवाणू आले, हा समज रुग्णांत आहेच, पण तो आपल्यातही बराच खोल रुजलेला आहे. तो रंग पांढऱ्या पेशींमुळे येतो आणि विषाणूच्या आजारातही दिसतो. अशा रुग्णाला दिलेले अझिथ्रोमायसिन ‘लागू पडले नाही’, तर त्यात जंतूचा काही दोष नाही, कारण मारायला तिथे जिवाणू नव्हताच.

खान्देशात आणखी काही कारणे लक्षात ठेवावी लागतात. कापसाच्या जिनिंगमध्ये काम करणाऱ्याची छाती आठवडी सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी आवळून येते आणि आठवडाभरात सैल होत जाते. हा सरकीच्या आणि कापसाच्या धुळीचा आजार आहे. नंदुरबारच्या मिरची बाजारातील हमाल आणि निवडणाऱ्या बाया, डाळ मिलमधील मजूर, वर्षानुवर्षे चुलीच्या धुरात स्वयंपाक केलेल्या सातपुड्यातील आजीबाई यांचा जुनाट खोकला दम्याच्या किंवा धुराने झालेल्या श्वासनलिकेच्या आजाराच्या अंगाने तपासावा. त्यांचा आजार उसळला, तर तीन प्रश्न विचारावेत. धाप वाढली आहे का, बेडक्याचे प्रमाण वाढले आहे का आणि बेडका पुवासारखा झाला आहे का? बेडका पुवासारखा झाला असून उरलेल्या दोनपैकी निदान एक गोष्ट वाढली असेल, तरच प्रतिजैविकाचा फायदा होण्याची शक्यता असते. एरवी श्वासातून घेण्याचे औषध आणि गरजेपुरते स्टिरॉइड पुरते.

उलट बाजूचा धोकाही तितकाच खरा आहे. ताप आला की दिल्या जाणाऱ्या सलाईनमध्ये डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड मिसळण्याची पद्धत अनेक गावांत आहे. त्याने ताप दोन दिवस दबतो, रुग्णाला बरे वाटते आणि खरा न्यूमोनिया त्या काळात वाढत राहतो. आधी घेतलेल्या इंजेक्शनांत ‘डेक्सा’ होते का, हे पाकिटे पाहून किंवा पहिल्या डॉक्टरांना फोन करून ठरवावे.

श्वास मोजावा

‘दम लागस, छातीमा दुखस’ एवढ्या तक्रारीवरून गांभीर्य कळत नाही. घड्याळ समोर ठेवून पूर्ण एक मिनिट श्वास मोजणे, ही फुकटची आणि सर्वाधिक टाळली जाणारी तपासणी आहे. दोन महिन्यांपेक्षा लहान बाळात मिनिटाला 60 किंवा अधिक, दोन ते बारा महिन्यांपर्यंत 50 किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांत 40 किंवा अधिक श्वास म्हणजे जलद श्वास. मूल शांत असताना मोजावे, रडताना नव्हे. मूल पीत नसेल, सगळे ओकून टाकत असेल, झटके येत असतील, गुंगीत असेल, शांत असतानाही घशातून आवाज येत असेल किंवा ऑक्सिजन 90 टक्क्यांखाली असेल, तर पहिली मात्रा देऊन लगेच हलवावे. दोन महिन्यांखालील बाळाला जलद श्वास असेल, तर ॲम्पिसिलिन आणि जेंटामायसिनची पहिली मात्रा देऊन पाठवावे. तिथे घरी ठेवून पाहण्याची जोखीम घेऊ नये.

प्रौढांत चार गोष्टींना प्रत्येकी एक गुण द्यावा : नव्याने आलेला गोंधळ, मिनिटाला 30 किंवा अधिक श्वास, वरचा रक्तदाब 90 पेक्षा कमी किंवा खालचा 60 किंवा त्याहून कमी आणि वय 65 किंवा अधिक. गुण शून्य असेल तर घरी उपचार करता येतो, एक किंवा दोन असेल तर दाखल करण्याचा विचार करावा आणि तीन किंवा चार असेल तर तातडीने मोठ्या रुग्णालयात हलवावे. पल्स ऑक्सिमीटरवर 92 टक्क्यांपेक्षा कमी दिसले, तर गुण कितीही असोत, घरी पाठवू नये. बोटांवर मेंदी असेल किंवा बोटे गार पडलेली असतील, तर आकडा फसवू शकतो, म्हणून दुसऱ्या बोटावर किंवा कानाच्या पाळीवर पुन्हा पाहावे.

प्रतिरोधक जंतूची शंका केव्हा घ्यावी

शेतातून थेट आलेल्या, पूर्वी कधीही दाखल न झालेल्या चाळिशीच्या माणसाला पहिल्यांदाच न्यूमोनिया झाला असेल, तर त्याच्या फुप्फुसात क्लेब्सिएला किंवा असिनेटोबॅक्टरसारखा प्रतिरोधक जिवाणू असण्याची शक्यता कमी असते. शंका वाढवणाऱ्या गोष्टी मोजक्या आहेत : गेल्या 90 दिवसांत रुग्णालयात दाखल होऊन शिरेतून प्रतिजैविक घेतलेले असणे, आधीच्या एखाद्या कल्चरमध्ये (नमुन्यातले जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहण्याच्या तपासणीत) प्रतिरोधक जंतू सापडलेला असणे, जुन्या क्षयामुळे श्वासनलिका फुगून विद्रूप झालेल्या असणे, व्हेंटिलेटर किंवा गळ्यातील नळी, डायलिसिस आणि दीर्घकाळ घेतलेले स्टिरॉइड.

यातला पहिला प्रश्न आपल्याकडे नीट विचारावा लागतो. खान्देशातला रुग्ण उपचारासाठी सुरत, नाशिक, इंदूर किंवा संभाजीनगरला गेलेला असतो आणि परत आल्यावर ‘ॲडमिट होतो’ एवढेच सांगतो. नवापूर, अक्कलकुवा आणि तळोद्याकडची अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी दक्षिण गुजरातेत जातात आणि तिथल्या दवाखान्यातील कागद बहुतेक हरवलेले असतात. अशा वेळी मोबाइलमधील रिपोर्टचे फोटो, डिस्चार्ज कार्ड, निदान बिलावरील औषधांची नावे तरी पाहावीत. बिलावर मेरोपेनेम किंवा कोलिस्टिन अशी प्रतिरोधक जंतूंसाठी राखीव ठेवलेली औषधे दिसली, तर त्या एका ओळीने उपचाराची दिशा बदलते.

नमुना : प्रतिजैविकाच्या पहिल्या मात्रेआधी

घरी उपचार करता येण्याजोग्या साध्या न्यूमोनियात कल्चर करण्याची गरज नसते. रुग्ण गंभीर असेल, वर सांगितलेल्या शंका असतील किंवा पहिला उपचार फसला असेल, तर मात्र नमुना घेतल्याशिवाय औषध बदलू नये. माझ्या मते या लेखातील सर्वांत महत्त्वाची पायरी हीच आहे, कारण प्रतिजैविकाच्या एका मात्रेनंतरही न्यूमोकोकससारखा नाजूक जंतू कल्चरमध्ये उगवेनासा होतो आणि मग रिपोर्टमध्ये त्याच्याऐवजी घशातले भलतेच जंतू दिसतात. अपवाद एकच आहे. रुग्ण रक्तदाब कोसळून आला असेल, तर नमुन्यासाठी औषधाला उशीर करू नये. रक्त काढायला लागतात ती पाच मिनिटे मात्र तिथेही मिळतात.

बेडका घेण्यापूर्वी रुग्णाला साध्या पाण्याने चूळ भरायला सांगावी, कवळी काढायला सांगावी आणि खोल श्वास घेऊन छातीतून खोकून काढलेला बेडकाच डबीत टाकायला सांगावे. लाळ आणि बेडका यांतला फरक रुग्णाला करून दाखवावा लागतो. हा नमुना बंद खोलीत घेऊ नये. दवाखान्याच्या मागच्या अंगणात, उघड्या हवेत, इतरांपासून दूर घ्यावा. प्रयोगशाळेने नमुना आधी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला पाहिजे. कमी भिंगाखाली एका क्षेत्रात 10 पेक्षा कमी चपट्या पेशी आणि 25 पेक्षा अधिक पांढऱ्या पेशी असतील, तरच तो छातीतला नमुना मानावा. ज्या प्रयोगशाळेच्या रिपोर्टवर ग्रॅम स्टेनचा (जंतू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याचा) उल्लेखच नसतो, तिला तो विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

वाहतुकीचा प्रश्न खान्देशात खरोखरच अवघड आहे. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा 45 अंशांच्या आसपास जातो आणि धडगाव किंवा मोलगीहून नंदुरबारला पोहोचायला घाट उतरावा लागतो. बेडका शक्यतो दोन तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचावा. ते शक्य नसेल, तर लसीच्या शीतपेटीत ठेवून 24 तासांच्या आत पोहोचवावा, पण अशा थंडीत न्यूमोकोकस आणि हिमोफिलस मरू शकतात, हे लक्षात ठेवावे. म्हणून दुर्गम भागातून नमुना पाठवण्यापेक्षा रुग्णालाच पाठवून नमुना तिथे घेणे अनेकदा सोयीचे ठरते. रक्ताच्या कल्चरची बाटली मात्र शीतपेटीत किंवा फ्रिजमध्ये कधीही ठेवू नये. ती खोलीच्या तापमानात, उन्हापासून आणि तापलेल्या गाडीपासून जपून न्यावी. प्रौढात दोन वेगळ्या जागांहून रक्त घ्यावे आणि प्रत्येक बाटलीत 8 ते 10 मिलिलिटर भरावे. बाटलीचे झाकण आणि त्वचा स्पिरिटने पुसून ती पूर्ण वाळू द्यावी. घाईत ओल्या त्वचेतून घेतलेल्या रक्तात त्वचेवरचेच जंतू वाढतात आणि मग रुग्णाला विनाकारण व्हँकोमायसिन सुरू होते.

क्षय नाकारल्याशिवाय पुढे जाऊ नये

दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा ताप, वजनातली घट, बेडक्यातून रक्त, मधुमेह किंवा घरातला क्षयरुग्ण यांपैकी काहीही असेल, तर बेडक्याचे दोन नमुने क्षयाच्या रेणवीय तपासणीसाठी पाठवावेत. सीबीनॅट किंवा ट्रूनॅट या यंत्रांवर क्षयाचे जंतू आणि रिफाम्पिसिनचा प्रतिरोध हे दोन्ही काही तासांत कळते आणि सरकारी यंत्रणेत ही तपासणी मोफत होते.

लेव्होफ्लॉक्सासिन आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन ही औषधे साध्या न्यूमोनियात सर्रास वापरू नयेत, असे सांगण्यामागे हेच कारण आहे. ती क्षयाच्या जंतूंवर काम करतात. चार-पाच दिवसांत ताप उतरतो, बेडक्यातले जंतू कमी होतात, तपासणी नकारात्मक येते, निदान महिनाभर लांबते आणि एकट्या औषधाला तोंड देत राहिलेला जंतू त्याच औषधाला निर्ढावतो. हीच औषधे प्रतिरोधक क्षयाच्या उपचाराचा कणा आहेत. सहा महिन्यांच्या बीपाएलएम उपचारात बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड आणि लिनेझोलिडसोबत मॉक्सिफ्लॉक्सासिन असते. म्हणजे खोकल्यासाठी मेडिकलवरून घेतलेली लेव्होफ्लॉक्सासिनची एक पट्टी पुढच्या मोठ्या लढाईतले शस्त्र बोथट करून ठेवते. लिनेझोलिड आणि अमिकॅसिन यांचेही तसेच आहे. क्षय सिद्ध झाला, तर निक्षय या सरकारी क्षयनोंदणी पोर्टलवर नोंद करावी आणि उपचार राष्ट्रीय कार्यक्रमानुसारच चालवावा.

पहिला उपचार : साधे औषध, पुरेशी मात्रा

न्यूमोकोकस हा समाजात होणाऱ्या न्यूमोनियाचा मुख्य जंतू आहे. तो पेनिसिलिनला तोंड देतो ते स्वतःची पेशीभिंत बांधणाऱ्या, औषध ज्यांना पकडते त्या प्रथिनांची ठेवण बदलून. औषध फोडणारे बीटा-लॅक्टमेज हे विकर तो तयार करत नाही. यातून दोन व्यावहारिक निष्कर्ष निघतात. पहिला असा की, या जंतूविरुद्ध ॲमॉक्सिसिलिनमध्ये क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड मिसळून काही जास्त मिळत नाही. त्या मिश्रणाचा उपयोग हिमोफिलस, मोरॅक्सेला आणि साध्या स्टॅफ (स्टॅफिलोकोकस) या जिवाणूंविरुद्ध होतो. दुसरा असा की, प्रथिनाची पकड सैल झालेली असली, तरी औषधाचे प्रमाण वाढवून तिच्यावर मात करता येते, त्यामुळे मात्रा निर्णायक ठरते.

पूर्वी धडधाकट असलेल्या प्रौढाला ॲमॉक्सिसिलिन 1 ग्रॅम दिवसातून तीन वेळा, निदान पाच दिवस द्यावे. आपल्याकडे लिहिली जाणारी 500 मिलिग्रॅम दोन वेळा ही मात्रा त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतकीच होते. मधुमेह, हृदय, यकृत किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, तर ॲमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेटबरोबर डॉक्सिसायक्लिन 100 मिलिग्रॅम दोन वेळा किंवा अझिथ्रोमायसिन द्यावे. मूत्रपिंड बिघडलेले असल्यास मात्रा क्रिएटिनिन पाहून ठरवावी. मायकोप्लाझ्मा या जिवाणूला पेशीभिंतच नसते, म्हणून त्याच्यावर पेनिसिलिन गटाचे कोणतेही औषध चालत नाही, आणि तिथे दुसऱ्या औषधाची गरज खरी असते. दाखल रुग्णात सेफ्ट्रायाक्सोन 1 ते 2 ग्रॅम दिवसातून एकदा आणि जोडीला अझिथ्रोमायसिन किंवा डॉक्सिसायक्लिन द्यावे. पावसाळ्यानंतर डोंगरपट्ट्यातून आलेल्या रुग्णात मी डॉक्सिसायक्लिनकडे अधिक झुकतो, कारण स्क्रब टायफस (बारीक किड्याच्या चाव्यातून होणारा ताप) न्यूमोनियाच्या रूपात येऊ शकतो आणि सेफ्ट्रायाक्सोनला तो मुळीच दाद देत नाही. काखेत, जांघेत, कमरेच्या करगोट्याखाली त्या चाव्याची काळी खपली शोधावी आणि मलेरियाचीही तपासणी करावी.

पाच वर्षांखालील मुलांत ॲमॉक्सिसिलिन प्रत्येक मात्रेला किलोमागे 40 मिलिग्रॅम, दिवसातून दोन वेळा, पाच दिवस द्यावे. दहा किलोच्या मुलाला दिवसाला 800 मिलिग्रॅम लागते. ‘एक-एक चमचा तीन वेळा’ असे 125 मिलिग्रॅमचे पातळ औषध दिले, तर पोटात 375 जाते. हे मूल बरे झाले नाही, तर त्याचा जंतू प्रतिरोधक नसून मात्रा निम्मीही नव्हती. पाड्यावर फ्रिज नसतो आणि ॲमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेटचे कालवलेले औषध फ्रिजमध्ये ठेवून सात दिवसांत संपवायचे असते. उन्हाळ्यात ते झोपडीत ठेवल्यास त्यातला क्लॅव्ह्युलॅनेट झपाट्याने खराब होतो. तिथे पाण्यात विरघळणाऱ्या 250 मिलिग्रॅमच्या ॲमॉक्सिसिलिन गोळ्या सर्वांत सोयीच्या आहेत : दोन ते बारा महिन्यांच्या बाळाला एक, एक ते तीन वर्षांपर्यंत दोन आणि तीन ते पाच वर्षांपर्यंत तीन गोळ्या, दिवसातून दोनदा. आईसमोर पहिली मात्रा विरघळवून पाजावी.

न्यूमोनियाला सेफिक्झिम देण्याची सवय सोडावी. पेनिसिलिनला निर्ढावलेल्या न्यूमोकोकसवर ते कमजोर पडते आणि स्टॅफवर चालतच नाही. तसेच रोज एक अमिकॅसिनचे इंजेक्शन टोचण्याने न्यूमोकोकस मरत नाही, मूत्रपिंडाला आणि कानाला इजा मात्र होऊ शकते.

48 ते 72 तासांनी

या टप्प्यावर रुग्णाला पुन्हा पाहणे ही उपचाराचीच पायरी आहे. ताप, श्वास, ऑक्सिजन आणि भूक यांत सुधारणा हवी. खोकला आणि एक्स-रेवरचा डाग उशिरा जातात. डाग विरायला कित्येक आठवडे लागू शकतात, त्यामुळे केवळ फोटो तसाच दिसतो म्हणून औषध बदलू नये. सुधारणा नसेल, तर पुढील प्रश्न याच क्रमाने विचारावेत.

औषध खरोखर घेतले का, किती घेतले आणि पोटात टिकले का? निदान तेच आहे का? क्षय, हृदय कमजोर झाल्याने फुप्फुसात साठलेले पाणी, फुप्फुसातील रक्ताची गाठ, कर्करोगाने अडलेली श्वासनलिका, स्क्रब टायफस यांपैकी काही निसटले नाही ना? पू कुठे साठला आहे का? छातीच्या खालच्या भागात ठोकल्यावर बद्द आवाज येत असेल, तर त्याच दिवशी सोनोग्राफी करावी आणि सुईने पाणी काढून पाहावे. पू निघाला किंवा पाण्याचा सामू (pH) 7.2 पेक्षा कमी आला, तर नळी घालावी लागते. साठलेल्या पुवात जगातले कोणतेही प्रतिजैविक पुरेसे पोहोचत नाही, आणि इंजेक्शने बदलत राहून नळीला आठवडा उशीर करणे हा आपल्याकडचा जुना रोग आहे. या तीनही प्रश्नांत कारण सापडले नाही, तरच चौथा प्रश्न येतो : जंतू प्रतिरोधक आहे का?

रिपोर्ट वाचताना

रिपोर्टवर औषधासमोर ‘एस’ म्हणजे जंतू त्याला संवेदनशील आणि ‘आर’ म्हणजे प्रतिरोधक. पण पहिला प्रश्न ‘कोणते औषध एस आहे’ हा नसून, ‘हा जंतू आजाराचा आहे की नुसता वस्तीला आहे’ हा असतो. बेडक्यातील कँडिडा म्हणजे फुप्फुसातील बुरशी नव्हे. त्यासाठी फ्लुकोनाझोल देऊ नये. गळ्यात नळी असलेल्या रुग्णाच्या नळीतून जवळजवळ नेहमीच काहीतरी उगवते. ताप नाही, ऑक्सिजनची गरज वाढलेली नाही, एक्स-रेवर नवा डाग नाही, तर त्या जंतूवर उपचार करू नये. नळीतून ओढलेल्या स्रावात प्रति मिलिलिटर एक लाख आणि श्वासनलिका धुऊन घेतलेल्या नमुन्यात दहा हजार ही संख्या साधारण उंबरठा मानतात, पण तिचा अर्थ रुग्णाकडे पाहूनच लावायचा असतो.

औषधांसमोरच्या एमआयसीच्या (जंतूची वाढ थांबवणाऱ्या औषधाच्या किमान प्रमाणाच्या) आकड्यांची आपसांत तुलना करू नये. एका औषधासमोर 0.5 आणि दुसऱ्यासमोर 2 असेल, तर पहिले चौपट चांगले असे होत नाही, कारण प्रत्येक औषधाचा निकषच वेगळा असतो. न्यूमोकोकसचा पेनिसिलिन-निकष तर आजाराच्या जागेप्रमाणे बदलतो : शिरेतून दिलेल्या पेनिसिलिनसाठी न्यूमोनियात 2 पर्यंतचा आकडा संवेदनशील धरतात, मेंदूज्वरात मात्र 0.06 पर्यंतचाच. प्रयोगशाळेने मेंदूज्वराचा निकष लावून ‘आर’ छापले, की न्यूमोनियाचा साधा रुग्ण विनाकारण प्रतिरोधक ठरतो. शंका आली, तर सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांना फोन करावा. धुळे, जळगाव आणि नंदुरबार या तिन्ही ठिकाणी आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. त्यांच्या विभागांशी ओळख करून ठेवणे कोणत्याही नव्या इंजेक्शनापेक्षा उपयोगी पडते.

क्लेब्सिएला ॲम्पिसिलिनला जन्मतःच प्रतिरोधक असतो, त्यामुळे तिथला ‘आर’ ही बातमी नव्हे. सेफ्ट्रायाक्सोन ‘आर’ असणे ही बातमी आहे. तेव्हा जंतू ईएसबीएल, म्हणजे सेफ्ट्रायाक्सोनसारखी औषधे फोडणारे विकर, तयार करतो असे धरून चालावे. रिपोर्टवर पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम ‘एस’ दिसले, तरी गंभीर रुग्णात त्यावर विसंबू नये. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मेरिनो चाचणीत, सेफ्ट्रायाक्सोनला न जुमानणाऱ्या ई. कोलाय आणि क्लेब्सिएलाच्या रक्तसंसर्गात या औषधाच्या गटात 30 दिवसांतील मृत्यू 12.3 टक्के, तर मेरोपेनेमच्या गटात 3.7 टक्के होते. मेरोपेनेम 1 ग्रॅम दर आठ तासांनी, प्रत्येक मात्रा तीन तासांत हळू द्यावी. आपल्या उन्हाळ्यात कालवलेले औषध वॉर्डात तासन्‌तास ठेवू नये. प्रत्येक मात्रा त्या त्या वेळी तयार करावी.

मेरोपेनेमही ‘आर’ असेल, तर रुग्ण तालुक्याला ठेवण्याचा हट्ट धरू नये. भारतात अशा क्लेब्सिएलामध्ये एनडीएम आणि ऑक्सा-48 ही मेरोपेनेम फोडणारी विकरे प्रामुख्याने आढळतात आणि दोन्हींचा उपचार वेगळा आहे. ऑक्सा-48 असल्यास सेफ्टाझिडिम-ॲव्हिबॅक्टम एकटे चालते. एनडीएम ते फोडून टाकते, पण ॲझ्ट्रिओनामला ते फोडत नाही, म्हणून तिथे दोन्ही औषधे एकाच वेळी द्यावी लागतात. कोणते विकर आहे, हे सांगणारी तपासणी जिथे होते तिथेच हा उपचार व्हावा. कोलिस्टिनचा ‘एस’ डिस्क पद्धतीने काढलेला असेल, तर तो ग्राह्य धरू नये. त्यासाठी ब्रॉथ मायक्रोडायल्यूशन (द्रवात औषधाचे प्रमाण टप्प्याटप्प्याने कमी करत जंतूची वाढ पाहणे) ही प्रमाण पद्धत आहे आणि अमेरिकी निकषांत 2020 पासून कोलिस्टिनला ‘संवेदनशील’ असा वर्गच ठेवलेला नाही. शिरेतून दिलेले कोलिस्टिन फुप्फुसात कमी पोहोचते आणि मूत्रपिंडाला त्रास देते. जाता जाता नवापूरच्या कुक्कुटपालकांनी हेही लक्षात ठेवावे की, मांस-अंड्यासाठी पाळलेल्या पक्ष्यांना आणि जनावरांना कोलिस्टिन देण्यावर 2019 पासून भारतात बंदी आहे.

असिनेटोबॅक्टर हा मुख्यतः अतिदक्षता विभागातला जंतू आहे. तो खरोखर आजार करत असेल, तर मोठ्या मात्रेतील सल्बॅक्टमभोवती उपचार बांधतात आणि जोडीला मिनोसायक्लिन किंवा पॉलिमिक्सिन देतात. स्युडोमोनास हा जुन्या क्षयाने फुप्फुस खराब झालेल्यांत घर करतो. त्याच्यावर सेफ्ट्रायाक्सोन, एर्टापेनेम आणि टायगेसायक्लिन चालत नाहीत. सेफ्टाझिडिम, सेफेपिम किंवा पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम पूर्ण मात्रेत द्यावे.

फ्लूनंतर अचानक बिघडलेल्या तरुणात किंवा एक्स-रेवर फुग्यासारख्या पोकळ्या आणि पू दिसणाऱ्या मुलात एमआरएसएची (मेथिसिलिन गटाला न जुमानणाऱ्या स्टॅफची) शंका घ्यावी. व्हँकोमायसिन किंवा लिनेझोलिड 600 मिलिग्रॅम दोन वेळा ही प्रौढांतील औषधे आहेत. डॅप्टोमायसिन रिपोर्टवर ‘एस’ असले, तरी न्यूमोनियात देऊ नये, कारण सर्फॅक्टंट हा फुप्फुसातील वायुकोशांना आतून असलेला पातळ थर त्याला निष्क्रिय करतो. लिनेझोलिड दोन आठवड्यांहून अधिक चालले, तर प्लेटलेट दर आठवड्याला पाहाव्यात.

संवेदनशीलता कळल्यावर मोठे औषध बंद करून साध्यावर येणे याला अनेक जण धजत नाहीत. रुग्ण सुधारत असताना मेरोपेनेम काढून सेफ्ट्रायाक्सोन देणे म्हणजे उपचार हलका करणे नव्हे. ताप उतरला, तोंडाने घेता येऊ लागले आणि रक्तदाब स्थिर झाला, की गोळ्यांवर आणावे. रुग्णालयात झालेल्या न्यूमोनियालाही, पू किंवा रक्तसंसर्ग नसेल, तर सात दिवस बहुधा पुरतात. ‘आणखी तीन दिवस असू द्या’ या सवयीचा फायदा रुग्णाला नाही, जंतूला होतो.

सिकलसेलचे रुग्ण

नंदुरबार आणि धुळे जिल्ह्यांतील भिल्ल, पावरा आदी समाजांत सिकलसेलचे (तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होणाऱ्या आनुवंशिक आजाराचे) प्रमाण लक्षणीय आहे. या रुग्णांची प्लीहा लहानपणापासूनच नीट काम करेनाशी होऊ शकते आणि न्यूमोकोकसचा संसर्ग काही तासांत जीवघेणा होऊ शकतो. सिकलसेलच्या रुग्णाला ताप, छातीत दुखणे आणि एक्स-रेवर नवा डाग असेल, तर तो साधा न्यूमोनिया समजून घरी पाठवू नये. सेफ्ट्रायाक्सोन आणि अझिथ्रोमायसिन, ऑक्सिजन, वेदनाशमन आणि गरज पडल्यास रक्त, अशी सोय असलेल्या ठिकाणी त्याच दिवशी हलवावे. पहिली मात्रा निघण्यापूर्वीच द्यावी. न्यूमोकोकसची लस सार्वत्रिक लसीकरणात 2021 पासून देशभर दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने या वेळी दिली जाते. स्थलांतरित कुटुंबांतील मुलांच्या कार्डावर नऊ महिन्यांची मात्रा सर्वाधिक निसटते, म्हणून ऊसतोडीहून परतल्यावर ती आवर्जून पाहावी.

दवाखान्यातून पसरू नये म्हणून

एकच नेब्युलायझर मास्क दिवसभर दहा जणांच्या तोंडाला लावणे ताबडतोब बंद करावे. प्रत्येकाला स्वतःचा मास्क द्यावा, औषधाची वाटी धुऊन, निर्जंतुक करून, पूर्ण वाळवूनच वापरावी. सलाईनची उघडी बाटली नेब्युलायझरसाठी दिवसेंदिवस वापरू नये. रुग्णाला हात लावण्याआधी आणि नंतर हात स्वच्छ करावेत. नळीवरच्या रुग्णाची उशाकडची बाजू 30 ते 45 अंश उंच ठेवावी आणि तोंडाची स्वच्छता रोज करावी.

पाठवताना आणि घरी सोडताना

मोठ्या रुग्णालयात पाठवताना चिठ्ठीवर प्रत्येक प्रतिजैविकाचे मूळ नाव, मात्रा, सुरू केल्याची आणि थांबवल्याची तारीख, शेवटची मात्रा किती वाजता दिली ते, घेतलेले नमुने आणि ते कोणत्या प्रयोगशाळेत आहेत ते लिहावे. कल्चरचा रिपोर्ट रुग्ण गेल्यावर येतो आणि फाइलमध्ये पडून राहतो. तो पुढच्या डॉक्टरांपर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी नमुना पाठवणाऱ्याची आहे. 108 ला फोन करताना ऑक्सिजनची गरज आधीच सांगावी.

प्रतिरोधक जंतू सापडलेल्या रुग्णाला घरी सोडताना डिस्चार्ज कार्डाच्या पहिल्याच पानावर जंतूचे नाव, तो कशाला दाद देत नाही आणि तारीख मोठ्या अक्षरांत लिहावी. घरातील ज्या माणसाकडे मोबाइल असतो त्याला बोलावून त्या पानाचा आणि कल्चर रिपोर्टचा फोटो त्याच्याच फोनवर काढून घ्यायला सांगावे, आणि पुढे कुठेही, अगदी सुरत-बारडोलीच्या दवाखान्यातही दाखवायला गेलात, तर औषध लिहिण्याआधी हा फोटो पुढे करा, असे त्याला त्याच्या बोलीत समजावून द्यावे.